हलगी, साइड ड्रम आणि पत्र्याचा सुर्दो : कोल्हापुरात सांबा-रेगेचा ताफा उभा करताना

रंकाळा, रंकाळा, पंचगंगा, रंकाळा, रंकाळा. हे पाच शब्द एका चालीत, मध्ये न थांबता, गोल गोल म्हणत राहा. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या, बाकीची अक्षरं नुसती तोंडानं. 'पंचगंगा'तला 'च' खाऊ नका. तो खाल्लात की एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, कमी होतं आणि सोळाचं चक्र पंधराचं होऊन बसतं. तीन, तीन, चार, तीन, तीन अशी ही सोळा घरं. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या साल्वाडोर शहरात कार्निव्हलच्या रस्त्यावर जो सांबा-रेगे वाजतो, त्याचा कणा हाच.

आता उभं राहा आणि चालत म्हणा. पाऊल दर चौथ्या घरावर, म्हणजे १, ५, ९, १३ वर पडायला हवं. अक्षरांत सांगायचं तर पहिल्या 'रंकाळा'चा 'रं', दुसऱ्याचा 'का', 'पंचगंगा'तला 'गं' आणि पुढच्या 'रंकाळा'चा 'ळा'. टाळ्या पडतात १, ४, ७, ११, १४ वर. टाळी आणि पाऊल एकत्र येतात ते फक्त पहिल्या घरावर. बाकी वेळ दोघं एकमेकांना चुकवतात, आणि सगळी गंमत त्या चुकामुकीत आहे. हे चालताना जमेपर्यंत हातात वाद्य घेऊ नका. बहुतेकांना दोन-तीन बैठका लागतात. ज्यांचा हात आधीच ढोल-ताशाला बसलेला आहे त्यांना जास्त, कारण त्यांचं पाऊल टाळीच्या मागं धावतं.

हा ताल कुठून आला, हे वाजवणाऱ्याला का माहीत हवं

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. साल्वाडोर हे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचं मोठं बंदर. शहरात बहुसंख्या काळ्या लोकांची, पण १९७०च्या दशकापर्यंत तिथल्या कार्निव्हलचे नावाजलेले गट गोऱ्यांचे होते. काळ्या माणसाची जागा त्यात असली तर गटाभोवतीचा दोर धरणाऱ्याची, ओझी वाहणाऱ्याची. १ नोव्हेंबर १९७४ रोजी लिबरदादे भागातल्या कुरुझू वस्तीत 'इले आयये' हा गट स्थापन झाला आणि १९७५ च्या कार्निव्हलमध्ये पहिल्यांदा रस्त्यावर उतरला. नियम एकच, चालणार ते फक्त काळे. देशात लष्करी राजवट होती. तिथल्या एका दैनिकानं या गटालाच वर्णद्वेषी ठरवलं. गटाच्या पहिल्या गाण्याची सुरुवात 'हा कुठला गट?' अशा प्रश्नानं होते आणि उत्तर येतं की आम्ही काळं जग तुम्हाला दाखवायला आलोय. अशा गटांना तिकडं 'ब्लॉको आफ्रो' म्हणतात.

मग १९७९ मध्ये पेलोरिन्यो भागात 'ओलोदुम', त्याच वर्षी इतापुआँ भागात 'माले देबाले', १९८१ मध्ये 'मुझेंझा'. सांबाच्या मोठ्या ढोलांत जमैकाच्या रेगेची संथ, भारदस्त चाल मिसळून सांबा-रेगे घडवण्याचं श्रेय नेगिन्यो दो सांबा या ताफाप्रमुखाला दिलं जातं. आधी इले आयये, मग ओलोदुम, असा त्याचा प्रवास. १९९३ मध्ये त्यानं 'दिदा' हा बायकांचा ताफा सुरू केला, तोवर रस्त्यावर ढोल हे बहुतेक पुरुषांचंच काम होतं. जगाला हा ताल कळला तो १९९० मध्ये पॉल सायमनबरोबरच्या आणि १९९६ मध्ये मायकेल जॅक्सनच्या व्हिडिओतल्या ओलोदुममुळं. आपल्याकडं विचारलं तर अजूनही 'मायकेल जॅक्सनच्या गाण्यातले ते ढोलवाले' एवढीच ओळख निघते.

हा इतिहास शोभेसाठी सांगितलेला नाही. तो थेट लयीत उतरतो. ही मिरवणूक पळत नाही, घाबरत नाही, कुणाला वाट देत नाही. मिनिटाला ८४ ते ९६ ठोके, छाती पुढं, गुडघे सैल. वेग चढला की ताल तोच राहतो, पण त्यातला ताठा जातो आणि उरते नुसती धांदल. कोल्हापुरी ताफ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच असणार, कारण आपल्याकडं वेग चढणं म्हणजेच रंग चढणं.

वाद्यं : काय इथलं चालतं, काय चालत नाही

मूळ ताफ्यात चार थर असतात. सगळ्यात खाली सुर्दो, म्हणजे गळ्यात किंवा कमरेला अडकवलेला मोठा गोल ढोल, एका जाड गोळ्याच्या काठीनं वाजणारा. त्यात दोन जाती, एक खर्जातली आणि एक तिला उत्तर देणारी. त्याच्या वर दोब्रा, म्हणजे जरा लहान सुर्दो, दोन काठ्यांनी वाजतो आणि कलाकुसर करतो. मग काइशा, तळाशी तारा असलेला चपटा ड्रम. आणि सगळ्यांत तीक्ष्ण रेपीक, छोटा, उंच आवाजाचा, लवचिक छड्यांनी वाजणारा.

रेपीकच्या जागी हलगी घ्या. पर्याय म्हणून नव्हे, पहिली पसंती म्हणून. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक लवचिक छडी, ही हलगीची मांडणी रेपीकच्या कामाला मापून शिवल्यासारखी बसते. जाड काठीनं टाळीची पाच घरं, छडीनं मधली हलकी भरणी. खासबागेत कुस्तीला जोर चढवणारा हात इथं उपयोगाचा आहे, फक्त त्याला दोन गोष्टी सोडाव्या लागतात, वेग वाढवणं आणि प्रत्येक मोकळ्या जागेत तुकडा टाकणं.

काइशासाठी बँडवाल्यांचा साइड ड्रम शोधा. तळाला तारा असतात, आवाजही तोच. ताशा टाळा. त्याचा टणत्कार इतका पुढं येतो की खालचे सुर्दो ऐकूच येत नाहीत. ताशाच हाताशी असेल तर तोंडावर सुती फडकं ताणून बांधा आणि बारीक काड्यांनी वाजवा, पण तो तडजोडीचाच मामला.

पथकाचा ढोल सुर्दो म्हणून चालतो का? महिनाभर सरावाला चालतो. पुढं अडतो, कारण तो आडवा अडकवायचा, दोन बाजूंनी वाजायचा, आणि त्याचा धूम लांबत नाही, चटकन मिटतो. सुर्दोचा आवाज पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळायला हवा. ढोल घ्यायचाच असेल तर पोटाला बांधा, धुमाच्या बाजूचं पान वरच्या अंगाला तिरकं येईल असा, आणि थापेच्या बाजूला हात लावू नका.

घुमकं (हलगीच्या साथीचा छोटा ढोल) आणि कैताळ (झांज)? कैताळ ठेवा, एकच जोडी, पावलाच्या चार घरांवर. घुमक्याला या तालात जागा सापडत नाही. ओढूनताणून बसवू नका.

सुर्दो इथंच बनवणं

आयात केलेला सुर्दो परवडत नाही आणि गरजही नाही. शिवाजी उद्यमनगरात पत्रा वळवणारे, रिव्हेट मारणारे, आटे पाडणारे सगळे एका हाकेच्या अंतरावर आहेत. फक्त क्रम पाळा. आधी पान विकत घ्या, मग पत्रा कापा. उलटं केलं की पान बसत नाही, आणि पत्रा परत वळवता येत नाही.

२२ इंची सुर्दोचं गणित असं. पान फायबरचं, ब्रास बँडच्या मोठ्या ड्रमला लागतं तसं, दोन नग. पानाच्या कड्याचा आतला व्यास स्वतः मोजा, दुकानदाराच्या तोंडी मापावर जाऊ नका. पिंपाचा बाहेरचा व्यास त्यापेक्षा ६ मिलिमीटर कमी ठेवा. अगदी घट्ट बसलं तर पान एका बाजूला अडकतं आणि स्वर कधीच एकसारखा लागत नाही.

पत्रा ॲल्युमिनियमचा, १.२ मिलिमीटर जाड. २२ इंच म्हणजे ५५९ मिलिमीटर व्यासाला परिघ येतो साधारण १,७५६ मिलिमीटर. त्यात जोडासाठी २० मिलिमीटर वाढवा. उंची ५०० मिलिमीटर. हा पत्रा भरतो पावणेतीन ते तीन किलो. पैसे वाचवायला १ मिलिमीटर लोखंडी पत्रा घेतलात तर नुसता पत्राच ७ किलोच्या घरात जातो, वर कडी, सळया, पट्टा. पाऊण तासात खांदा उतरतो आणि वाजवणारा वाकून चालायला लागतो. वाकलेला सुर्दोवाला दिसला की सगळा ताफा थकल्यासारखा दिसतो.

जोडावर दर ४ सेंटिमीटरला रिव्हेट. दोन्ही कडा बाहेरून वळवून घ्या, नाहीतर उघडी कड पहिल्याच महिन्यात पान कापते. वर-खाली २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टीची कडी. त्यांना जोडणाऱ्या ६ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळया, निदान ८. दहा असतील तर उत्तम, मग दोन सळयांमध्ये साडेसतरा सेंटिमीटर अंतर येतं आणि पान समान ताणलं जातं. पट्ट्याची कडी वरून एक तृतीयांश उंचीवर. पट्टा दोन इंच रुंद, शिलाईच्या ठिकाणी दुहेरी. सळयांची टोकं आतल्या बाजूला घासून गोल करायला सांगा, नाहीतर मांडीला ओरखडे येतात आणि विजार फाटते.

ताण देताना समोरासमोरच्या सळया पाळीपाळीनं, दर वेळी अर्धा आटा. गोल फिरत गेलात तर एक बाजू ओढली जाते. खर्जाच्या सुर्दोला पानाच्या सुरकुत्या जेमतेम गेल्यावर अर्धा आटा पुरे. तो 'सा' धरला तर उत्तराचा सुर्दो 'म'च्या आसपास आणि दोब्रा वरच्या 'सा'कडं. नेमका स्वर महत्त्वाचा नाही, तिघं डोळे मिटून वेगळे ओळखू आले पाहिजेत.

खर्चाला अजिबात जमत नसेल तर २०० लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, तळापासून ५० सेंटिमीटरवर कापा, कड पॉलिश पेपरनं घासा आणि तळावरच वाजवा. आवाज रेंगाळत नाही, पण सरावाला आणि लहान मुलांना झकास. आधी रसायन भरलेलं पिंप मात्र घेऊ नका, धुऊनही वास आणि अंश राहतो.

काठी बाभळीची किंवा सागवानाची, ३० ते ३५ सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर. टोकाला जुन्या घोंगड्याच्या पट्ट्या गुंडाळून ७ सेंटिमीटरचा गोळा करा, वर सुती कापड ताणून सुतळीनं बांधा. घोंगडं दाबून गुंडाळायचं. सैल गोळ्याचा आवाज 'फस्स' येतो, आणि नुसत्या लाकडी टोकाचा 'टक्क', वर फायबर तडकतं ते वेगळंच.

कोणी काय वाजवायचं

सोळा-अठरा माणसं असतील तर खर्ज ३, उत्तर ३, दोब्रा ३, साइड ड्रम ४, हलगी ३, कैताळ १, वर एक प्रमुख. हलगीवाले पाच झाले तरी हौस भागते, ताल मात्र बिघडतो.

साल्वाडोरमध्ये प्रत्येक गटाची मांडणी वेगळी असते. खाली दिलंय ते शिकण्यापुरतं चौकटीचं रूप. पुढं ऐकून ऐकून बदला.

उत्तराचा सुर्दो : घर १ आणि ९.
खर्जाचा सुर्दो : घर ५ आणि १३. म्हणजे सगळ्यात जड धूम दुसऱ्या आणि चौथ्या पावलावर.
साइड ड्रम : सोळाही घरं अगदी हलकी, १, ४, ७, ११, १४ वर जोर.
हलगी : जाड काठीनं तीच पाच घरं. छडीची भरणी दुसऱ्या महिन्यापासून.
दोब्रा : पहिल्या फेरीत फक्त १३, १४, १५, १६, उजवा-डावा-उजवा-डावा. दुसऱ्या फेरीत फक्त ११ आणि १४.

खर्ज पहिल्या घरावर नाही, याकडं लक्ष द्या. समेवर दणका द्यायची आपल्या हातांना इतकी सवय असते की खर्जवाला तिसऱ्या मिनिटाला नकळत १ वर सरकतो. तो सरकला की उत्तराचा सुर्दो त्याच्याखाली दबतो आणि दोन सुर्दोंचा संवाद संपून एकाचंच भाषण सुरू होतं. उपाय साधा आहे. खर्जवाल्यांना डाव्या पायानं चालायला सुरुवात करायला लावा आणि 'उजवा पाय पडला की धूम' एवढंच सांगा, घरं मोजायला लावू नका. कानाला फसवता येतं, पायाला नाही.

दुसरी ठरलेली चूक दोब्राची. चार ठोके १६ वर संपायला हवेत, पण जोशात पाचवा ठोका पुढच्या १ वर पडतो. एखाद वेळी छान वाटतो, दर फेरीला पडला की उत्तराच्या सुर्दोचं घर बळकावतो. चौथ्या ठोक्यानंतर दोन्ही काठ्या डोक्यावर न्यायची सवय लावा. ओलोदुमच्या वादकांची काठ्या फिरवण्याची जी अदा आपण पाहतो, ती दिसायला देखणी आहेच, पण हात पानापासून लांब ठेवायचं कामही करते.

तिसरी चूक साइड ड्रमची. हलकी घरं हलकी राहत नाहीत. सोळाही घरं एकाच जोरानं पडली की ताल शिवणयंत्रासारखा वाजतो. जोर नसलेल्या घरांवर काठी पानापासून दोन बोटांपेक्षा वर जायला नको, जोराच्या घरांवर वीतभर. हे डोळ्यांनी तपासता येतं. समोर बसून काठ्यांची उंची बघा, आवाज ऐकायचीही गरज नाही.

आणि सोळा घरं घड्याळासारखी सारख्या अंतरावर नसतात, त्यांत थोडी झुलती चाल असते. ती कागदावर सांगता येत नाही. इले आयये आणि ओलोदुमच्या रस्त्यावरच्या चित्रफिती ऐका, स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं त्या मानानं गुळगुळीत वाटतात. रोज दहा मिनिटं नुसतं चालत ऐका.

सरावाची आखणी

आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड दीड तास, आठ ते दहा आठवडे. मोकळ्या मैदानावर. हॉलमध्ये सुर्दोचा आवाज भिंतींवरून परत येतो, कुठला ठोका आपला तेच कळत नाही आणि जो तो आणखी जोरात वाजवतो. पहिले दोन आठवडे तोंड, टाळी आणि पाऊल. तिसऱ्यात दोन्ही सुर्दो, बाकीचे 'रंकाळा' म्हणत चालणार. चौथ्यात साइड ड्रम. पाचव्यात हलगी. दोब्रा शेवटी. हलगी लवकर आणायचा मोह होतो, कारण तिच्यामुळं लगेच मजा येते, पण मग सगळे हलगी ऐकत वाजवतात. सुर्दो ऐकत वाजवणारा ताफाच रस्त्यावर टिकतो.

मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर (ठरलेल्या वेगानं टकटक करणारं ॲप) ७२ पासून सुरू करा, दर आठवड्याला ३-४ वाढवा, ९२ ला थांबा. दर सरावाचं ध्वनिमुद्रण करून पहिल्या आणि दहाव्या मिनिटाचा वेग मोजा. ८८ वर निघालेला ताफा १०० वर पोचला असेल तर दोष शोधायला फार लांब जायला नको. बहुतेक वेळा हलगीच पुढं पळालेली असते, कधी कधी प्रमुख स्वतः.

वाजवायला सुरुवात अशी. हलगीवाल्यांपैकी एकजण 'रंकाळा'ची दोन चक्रं एकटा वाजवतो, तिसऱ्या चक्रात १, ५, ९, १३ असे चार कोरडे ठोके देतो आणि चौथ्या चक्राच्या पहिल्या घरावर सगळे येतात. थांबण्याची खूण, प्रमुखाची मूठ डोक्यावर. मूठ दिसल्यावर चालू चक्र पूर्ण करायचं आणि पुढच्या १ वर सगळ्यांनी मिळून एकच ठोका. शिट्टीवर विसंबू नका, सुर्दोच्या मागच्या रांगेत ती पोचत नाही. प्रमुखानं उलटं, ताफ्याकडं तोंड करून चालावं, आणि त्याच्या पाठीशी खड्डे सांगणारा एक माणूस हवाच. आपले रस्ते आपल्याला ठाऊक आहेत.

गाणं आणि विषय

ब्लॉको आफ्रो म्हणजे नुसता ढोलांचा ताफा नाही. दर वर्षी गट एक विषय घेतो, आफ्रिकेतला एखादा देश, एखादं बंड, एखादी स्त्री, आणि वर्षभर गाणी, कपडे, शाळेतले धडे त्याभोवती फिरतात. १९८७ मध्ये ओलोदुमनं इजिप्त घेतला होता. फॅरो, म्हणजे तिथले राजे, काळे होते, असं कार्निव्हलच्या रस्त्यावर नाचत सांगितलं, आणि शाळेत न शिकवलेला इतिहास पोरांच्या तोंडी बसला.

गाण्याची बांधणी आपल्याला परकी नाही. एकानं ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची. शाहिरीतले झीलकरी हेच करतात, सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हेच केलं. शब्द मात्र थोडे हवेत. एका ओळीत आठ-दहा अक्षरांपेक्षा जास्त कोंबली की चालताना दम पुरत नाही. गाणं सुरू झालं की साइड ड्रम आणि हलगी निम्म्या आवाजावर, सुर्दो तसेच. मध्येच नुसता तोंडाचा ताल हवा असेल तर 'कुणाची ही हलगी?' 'आमची!', 'कुणाचा हा रस्ता?' 'आमचा!' एवढंही पुरतं. उत्तर ९ व्या घरावर उचला, म्हणजे १३ वरचा खर्ज 'ची'वर किंवा 'चा'वर बसतो.

विषय कोल्हापुरात शोधायला लागत नाही. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा जाहीरनामा, मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा. मार्च १९२० ची माणगाव परिषद. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्याला फक्त पाठ्यपुस्तकातला शत्रू म्हणून माहीत असतो. पण इथून खाली उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळच्या रानात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी आजही राहतात आणि दमाम वाजवतात. हाही विषय होऊ शकतो, अर्थात त्यांना विचारून, बोलावून.

आता जरा नाजूक मुद्दा. हलगी ही नुसती 'कोल्हापूरची शान' नाही. ती वाजवणं हे दलित जातींवर जन्मानं लादलेलं काम होतं, आणि आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती खाली ठेवली तीही अभिमानानंच. साल्वाडोरमध्ये वाट उलटी निघाली. तिथं पोलिस ज्या ढोलांवर नजर ठेवून होते (कांदोम्ब्ले या आफ्रिकी मूळाच्या धर्माच्या देवळांना १९७६ पर्यंत पोलिस परवाना लागत असे) तेच ढोल त्यांनी रस्त्यावर आणले. दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या आहेत, पण एक दुसरीवर लादू नका. ताफ्यातल्या हलगीवाल्याला घरात काय चालतं ते विचारा, त्याला मागच्या रांगेत 'साथीला' उभं करू नका, आणि पाहुणा वादक असेल तर मानधन आधी ठरवून आधी द्या.

तसंच, तोंडाला काळं फासणं, गवताचे घागरे, हाडांच्या माळा हे सगळं बाद. ते ब्लॉको आफ्रोचे कपडे कधीच नव्हते. ती गोऱ्यांनी केलेली टवाळी आहे. इले आययेचे रंग पिवळा, तांबडा, काळा, पांढरा, त्यांचं कापड त्यांच्या विषयावर छापलेलं असतं. तुम्ही तुमचं कापड छापा. त्यांचं नाव, त्यांची चिन्हं घेऊ नका. कांदोम्ब्लेचे ताल देवतांचे असतात, एखादा यूट्यूबवर सापडला म्हणून मिरवणुकीत वाजवू नका.

धार्मिक मुळाचा, पण रस्त्यावर मोकळा झालेला ताल हवा असेल तर इजेशा आहे, संथ, दोन तोंडांच्या लोखंडी घंटेवरचा. तो वाजवणाऱ्या सगळ्यात मोठ्या ताफ्याचं नाव आहे 'फिल्योस दे गांधी', गांधीजींची लेकरं. गांधीहत्येनंतर वर्षभरानं, १९४९ च्या कार्निव्हलसाठी साल्वाडोरच्या गोदी कामगारांनी तो काढला. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. ती घंटा उद्यमनगरात दोन शंकू वेल्ड करून होते, एक लांबीला १६ सेंटिमीटर, दुसरा १२.

रस्त्यावर

दिवस निवडायचा तर २० नोव्हेंबर. १६९५ मध्ये या दिवशी पळालेल्या गुलामांच्या पाल्मारेस वस्तीचा पुढारी झुंबी मारला गेला. ब्राझीलमध्ये हा काळ्या लोकांच्या आत्मभानाचा दिवस, २०२४ पासून देशभर सुट्टी. आपल्याकडं पाऊस संपलेला, दिवाळीची गर्दी ओसरलेली. १४ एप्रिलला आपल्या मिरवणुकांमध्ये घुसून ताल ऐकवायचा प्रयत्न करू नका, डॉल्बीपुढं सुर्दो हरतो.

दसरा चौक ते बिंदू चौक हे अंतर पहिल्या वेळेला पुरेसं आहे. शाहू महाराजांच्या पुतळ्यापासून निघून फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांपर्यंत. हे पुतळे १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना बसवलेले. या चालीनं, थांबत, पाऊण तास धरा. दसरा चौकाला लागून सीपीआर रुग्णालय आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. तेवढ्या पट्ट्यात वाद्यं खाली, तोंडानं 'रंकाळा'सुद्धा नाही. पोलिस परवानगीचा अर्ज मार्ग, वेळ, माणसं आणि वाद्यांची यादी देऊन आधीच करा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्यं बंद, हे सगळ्यांना लागू.

रांगा अशा लावा : पुढं हलगी, मग साइड ड्रम, मग दोब्रा, शेवटी सुर्दो. दोन रांगांत दोन पावलांचं अंतर. अंतर वाढलं की मागच्यांना पुढचं उशिरा ऐकू येतं आणि ताफा रबरासारखा ताणतो. गल्ली अरुंद झाली तर रांगेतली माणसं कमी करा, रांगांमधलं अंतर वाढवू नका. सगळ्यांना कानात बोळे, कापसाचे नव्हे, फोमचे. बोटांच्या पेरांना आधीच चिकटपट्टी. प्रत्येक सुर्दोमागं एक बदली माणूस, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल चालता चालता. देणारा उजवीकडून निघतो, घेणारा डावीकडून येतो, मध्ये एक चक्र रिकामं गेलं तरी चालतं कारण खर्जाचे आणखी दोघं वाजत असतात.

घरी आल्यावर सुर्दोच्या सगळ्या सळया एक आटा सैल करा, नाहीतर पान सारखं ताणलेलं राहतं. सळयांच्या आट्यांना थेंबभर मशीनचं तेल. कातडी हलगी कोरड्या जागी टांगून ठेवा, भिंतीला टेकवून नको. वाजवण्याआधी शेकायची तर कागदाच्या जाळावर लांबून, सारखी फिरवत. फायबरच्या पानाची हलगी जाळाजवळही नेऊ नका, दोन सेकंदांत फुगा येतो आणि तो परत बसत नाही.